हक्कसोडपत्र: ‘रिलिंक्विश’पासून सातबाऱ्यापर्यंत

करवीर तालुक्यातल्या कुठल्याही दस्तलेखकाकडे हक्कसोडपत्राचा, म्हणजे मालमत्तेतला आपला वाटा सोडून देण्याच्या दस्ताचा, मजकूर तयारच असतो. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, विनामोबदला’ इथपर्यंत टाइप झालेलं. गट नंबर आणि नावं तेवढी भरायची. लिहून देणार बहुधा बहिणी, लिहून घेणार भाऊ. इंग्रजीत याला ‘रिलीज डीड’ म्हणतात, पण कायद्याच्या चर्चेत क्रियापद येतं ते ‘रिलिंक्विश’.

लॅटिन ‘रेलिंक्वेरे’ म्हणजे मागे सोडून जाणं. जुन्या फ्रेंचमधून पंधराव्या शतकात ते इंग्रजीत उतरलं. त्याच आदिम धातूतून संस्कृतात रिच् आला, त्यावरून रिक्त, अतिरिक्त आणि रिक्थ. रिक्थ म्हणजे मेलेल्या माणसाने मागे ठेवलेली मालमत्ता, म्हणजे वारसाच. ‘सरेंडर’मध्ये समोरच्याचा जोर गृहीत असतो. ‘रिलिंक्विश’मध्ये हातात असलेलं आपण होऊन सोडणं असतं. ‘हातात असलेलं’ ही अट लक्षात ठेवा, पुढचा सगळा गुंता तिचाच आहे.

आपल्याकडे ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. जो समर्थ आहे आणि वाटा नको म्हणतो त्याला ‘किंचित’ देऊन वेगळं करावं, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. आणि ते किंचित कशासाठी, तर पुढे त्याच्या मुलांनी दावा सांगू नये म्हणून, असं तिच्यावरची टीका मिताक्षरा स्पष्ट करते. तो नियम मुलग्यांसाठी होता. आज बहिणीला सही झाल्यावर मिळणारी साडीचोळी मात्र त्याच हिशेबातली वाटते.

बहिणीकडे सोडायला काही आलं ते १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, आणि तेही अर्धवट. आई हयात नाही, एक मुलगा, एक मुलगी असं धरा. वडिलोपार्जित जमिनीत वडील आणि मुलगा निम्मे-निम्मे; वडील गेल्यावर त्यांच्या निम्म्याचे दोन भाग. मुलीला चार आणे, मुलाला बारा आणे. जुन्या सातबाऱ्यांवर मोठ्या भावाच्या नावापुढे ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि बहिणींची नावं ‘इतर हक्क’ रकान्यात. त्या चार आण्यांचं ते खरं स्थान.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला जन्मतः सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखी हिस्सेदार, केलं, पण २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या वगळून. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली, त्यात लग्नाची अट नव्हती. मग प्रश्न निघाला, त्या दिवशी वडील हयात हवेत का? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हो म्हटलं. ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नाही म्हटलं: हक्क जन्माचा आहे, वडिलांच्या हयातीचा नाही. मधल्या पाच वर्षांत ज्या बहिणींना ‘तुझा हक्कच नाही’ म्हणून परत पाठवलं गेलं, त्यांचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

केंद्राच्या त्या दुरुस्तीतही २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटण्या आणि हस्तांतरणं कायम राहिली. पण कोणती? १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरातला हक्क संपवणारा दस्त नोंदवावाच लागतो. तलाठ्यापुढे दिलेला जबाब किंवा नोटरीचा कागद म्हणजे हक्कसोड नव्हे, आणि फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांत झालेल्या बदलाच्या नोंदीने, मालकी ठरत नाही. गावोगावी मात्र अशाच जबाबांवर बहिणींची नावं कमी झाली.

दुसरी गाठ आणखी घट्ट. वडील हयात असताना मुलीकडून सही घेऊन ठेवण्याची चाल आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तिचा हक्क जन्मापासून, म्हणून तो सोडता येतो. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात मात्र त्यांच्या हयातीत तिचं काहीच नसतं. असते ती नुसती आशा, आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार आशेचं हस्तांतरण होत नाही. त्यातही मोबदला घेऊन सही केली असेल तर नंतर मागे फिरता येत नाही, असे निकाल आहेत. म्हणजे ‘विनामोबदला’ हा तयार मजकुरातला शब्द कधीकधी लिहून घेणाऱ्याच्याच अंगलट येतो.

शहरालगतच्या शेताला प्लॉटचा भाव आल्यापासून हे वाद वाढले. जवळच्या नात्यातल्या वडिलोपार्जित हक्कसोडीला मुद्रांक २०० रुपये होता, २०२४ मध्ये ५०० झाला, नात्याबाहेर खरेदीखताइतका. जिल्हा न्यायालयानंतरच्या अपिलासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ, कोल्हापुरातच बसतं, आणि निपाणी-गडहिंग्लजकडे दिलेल्या बहिणीला तारखेला येऊन संध्याकाळी घरी परतता येतं.