बंधाऱ्यात होडीपुरतं दार

पुण्याला समुद्र नाही, तरी बांध आणि होडी यांचं नातं पुणेकराला वेगळं समजवावं लागत नाही. बंडगार्डनचा बंधारा १८५०च्या सुमारास जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभा राहिला, तो पाणीपुरवठ्यासाठी. होड्यांचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. पण मुळा-मुठेचं पाणी मागे अडलं, संथ आणि खोल झालं. १८६८मध्ये बोट क्लब निघाला, १९२८पासून अभियांत्रिकी महाविद्यालयाचा रेगाटा, म्हणजे होड्यांचा उत्सव, सुरू झाला. मी वल्हं धरायला शिकलो ते याच अडलेल्या पाण्यावर. म्हणून किनाऱ्यावरच्या पूररोधक बंधाऱ्यांबद्दल वाचताना माझी नजर आधी एकाच गोष्टीकडे जाते: होडीला वाट कुठून ठेवली आहे?

आपल्या कोकणात खारबंदिस्ती जुनी आहे. भरतीचं खारं पाणी भातखाचरात शिरू नये म्हणून बांध घालायचा आणि त्यात उघाडी ठेवायची. ओहोटीला आतलं पाणी उघाडीचं दार ढकलून बाहेर पडतं, भरती आली की त्याच पाण्याच्या दाबाने दार मिटतं. ही सोय पाण्याची आणि शेतीची, होडीची नाही.

मोठे बंधारे आले ते १९५३नंतर. ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रात वादळी उधाण आलं आणि एकट्या नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर तिथल्या सरकारने नैऋत्येकडची खाड्यांची मुखं बंद करायला घेतली. त्या दुःखातून उठलेल्या समाजाने होड्यांपेक्षा जीव आधी मोजले, यात गैर काही नव्हतं. किंमत मात्र काही गावांनी मोजली. फेर हे मासेमारीचं गाव. १९६१मध्ये त्याच्यापुढचं खाडीमुख बंद झालं आणि गावाचा समुद्राशी थेट संबंध तुटला. मच्छीमारांचा ताफा दुसऱ्या बंदरात हलला. मागे राहिलेल्या, भरती-ओहोटी नसलेल्या सरोवरावर शिडाच्या हौशी होड्या आल्या. आज फेरच्या धक्क्याला त्याच दिसतात. कोळ्याचं पाणी सहलीचं पाणी झालं. हौशी नौकानयनाला बंधाऱ्याने फक्त तोटाच होतो, असं म्हणणाऱ्याने हे गाव बघावं. आणि नफा झाला म्हणणाऱ्यानेही तेच बघावं.

शेजारच्या ग्रेव्हलिंगन खाडीचं मुख १९७१मध्ये बंद झालं. समुद्राकडच्या त्या बांधात जहाजांसाठी लॉक ठेवलेलंच नाही. लॉक म्हणजे दोन दारांमधलं कुंड: होडी आत घ्यायची, पाणी पलीकडच्या पातळीला आणायचं, मग पुढचं दार उघडायचं. ते नसल्यामुळे ग्रेव्हलिंगनमधल्या होडीला समोर दिसणाऱ्या समुद्राकडे थेट जाता येत नाही. दुसऱ्या टोकाच्या लॉकमधून निघून वळसा घालावा लागतो.

मग तिथल्याच ऑस्टरस्केल्ड खाडीची पाळी आली तेव्हा कालवं-शिंपल्यांवर जगणारे मच्छीमार आणि निसर्गप्रेमी रस्त्यावर उतरले. आधी ठरलेला भरीव बांध १९७०च्या दशकात बदलला. १९८६मध्ये ६२ पोलादी दरवाज्यांचा बंधारा पुरा झाला, जो एरवी उघडा असतो आणि उधाणातच बंद होतो. भरती आत येत राहिली. दरवाज्यांतून मात्र होडी नेता येत नाही. तिच्यासाठी बाजूला रूमपॉटचं लॉक आहे. त्यावरून रस्त्याचा पूल जात असल्याने फार उंच डोलकाठीला तिथेही अडचण.

लंडनचा थेम्स बंधारा १९८२पासून वापरात आहे. तिथे उलट विचार झाला, कारण नदी जहाजांची होती. मुख्य चार दारं प्रत्येकी ६१ मीटर रुंद, आणि उघडी असताना ती नदीच्या तळाशी निजलेली. होडी थेट वरून जाते. फक्त शिडं उतरवून इंजिनावर जायचं, आधी रेडिओवर कळवायचं. हिरवा बाण दिसला तर पुढे, तांबडी फुली दिसली तर थांबायचं. आतापर्यंत २०० हून जास्त वेळा तो बंद झाला आहे.

व्हेनिसचा अनुभव सगळ्यांत ताजा. तिथे खाजणाच्या तीन मुखांवर एकूण ७८ दरवाजे आहेत आणि उधाणासाठी ते ३ ऑक्टोबर २०२० रोजी पहिल्यांदा उचलले गेले. लीदो आणि किओज्जाला लहान होड्यांसाठी, मालामोक्कोला मोठ्या जहाजांसाठी लॉक बांधलं, म्हणजे दारं वर असतानाही वाट पूर्ण बंद होऊ नये. नकाशावर ही लॉक शोधायला गेलं तर ती मूळ बंधाऱ्यापुढे अगदी चिमुकली दिसतात. त्या चिमुकल्या कुंडाचा आग्रह आराखडा कागदावर असतानाच धरावा लागतो. काँक्रीट पडल्यावर ते मागणं किती महाग जातं, ते ग्रेव्हलिंगनच्या काठावर ५० वर्षांहून जास्त काळ दिसतं आहे.

मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचं काम आता चालू आहे आणि त्या आराखड्यात पाणी अडवणारे बंधारेही आहेत. आपल्या होड्यांच्या वाटेबद्दल बोलायची वेळ आत्ताच आहे.