क्षयरोगातील रोगप्रतिकार

मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस हा जंतू शरीरात शिरल्यावर प्रतिकारयंत्रणा त्याला जो प्रतिसाद देते, त्याचे वर्णन या नोंदीत केले आहे. बहुतेक संसर्गांत हा सामना काही दिवसांत निकाली निघतो. गोवर येतो, जातो आणि जाताना जन्मभराचे संरक्षण ठेवून जातो. क्षयात तसे होत नाही. जंतू पुरते मरत नाहीत, माणूसही आजारी पडत नाही, आणि हा तह वर्षानुवर्षे, पुष्कळदा मरेपर्यंत टिकतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूचा संसर्ग झालेला आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष आजारी पडतात ते शंभरात पाच ते दहा. बाकीच्यांना आपल्याला कधी काही झाले होते याचा पत्ताही नसतो.

जे आजारी पडतात त्यांच्या फुप्फुसाची नासाडी बरीचशी त्यांच्या स्वतःच्या पेशींनी केलेली असते. घटसर्पाच्या किंवा धनुर्वाताच्या जंतूसारखे अंगभर भिनणारे विष हा जंतू सोडत नाही. रोगाची नावेही हेच सांगतात. ट्यूबरकल म्हणजे लहानशी गाठ, आणि ती गाठ बांधते शरीर. आपला ‘क्षय’ शब्द झिजण्यावरून आला, आणि ती झीजही, पुढे येईल त्याप्रमाणे, मोठ्या प्रमाणात शरीराच्याच रसायनांमुळे होते.

पहिली गाठ

रुग्ण खोकतो, बोलतो, गातो तेव्हा थुंकीचे बारीक तुषार उडतात. मोठे थेंब खाली पडतात. लहान थेंबांतले पाणी उडून जाते आणि उरलेले एक ते पाच मायक्रॉनचे कण कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ते श्वासावाटे थेट वायुकोशांत पोचतात आणि तिथे त्यांची गाठ मॅक्रोफेजशी, म्हणजे महाभक्षी पेशीशी पडते. इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीला गुलाबाचा काटा टोचला आणि अशा भक्षक पेशी काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या. त्याच वर्षी २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. गिळणारी पेशी आणि तिला पुरून उरणारा जंतू एकाच वर्षी उजेडात आले.

एरवी मॅक्रोफेज जंतूला एका पिशवीत गिळतो, त्या पिशवीत पाचकरसांची दुसरी पिशवी येऊन मिसळते आणि जंतूचा निकाल लागतो. क्षयाचा जंतू हे मिसळणेच अडवतो. मायकोलिक आम्लांच्या मेणचट कवचामुळे तो चिवटही असतो. पिशवी पुरेशी आम्लधर्मी होत नाही आणि आत जंतू वाढू लागतो, तेही अगदी सावकाश. पोषक परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर याला जवळजवळ एक दिवस लागतो. ज्या पेशीने त्याला मारायचे, तिच्याच पोटात तो बिऱ्हाड थाटतो.

वर्दीही उशिरा जाते. जंतूचा तुकडा घेऊन जवळच्या लसीका ग्रंथीत जायचे आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे ठरावीक जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना, तो दाखवायचा, हे काम डेंड्रिटिक पेशींचे. उंदरांवरच्या प्रयोगांत क्षयाचे जंतू या ग्रंथींपर्यंत पोचायलाच आठ-नऊ दिवस लागलेले दिसले आहेत. माणसात संसर्गापासून टी पेशींची फळी उभी राहिल्याची खूण दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. तोवर जंतूला मोकळे रान मिळते आणि काही जंतू रक्तावाटे हाडे, मूत्रपिंडे, मेंदूची आवरणे अशा दूरच्या ठिकाणी जाऊन बसलेले असतात.

टी पेशी आल्या की चित्र पालटते. त्या इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडतात. त्याने मॅक्रोफेजला जोर चढतो आणि आतापर्यंत नुसता सांभाळलेला जंतू तो मारू लागतो. ज्या मोजक्या मुलांत हे इंटरफेरॉन ओळखण्याची सोय जन्मतः नसते, त्यांना एरवी निरुपद्रवी असलेले मायकोबॅक्टेरियाही गंभीर आजारी पाडतात.

गाठीची रचना

सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाची गाठ पाहिली तर तिच्यात एक मांडणी दिसते. मधल्या भागात जंतू पोटात घेतलेले मॅक्रोफेज. त्यांतले काही लांबट होऊन एकमेकांना बिलगलेले, तर काही एकमेकांत विरघळून प्रचंड पेशी झालेले. या प्रचंड पेशींची अनेक केंद्रके कडेने घोड्याच्या नालासारखी मांडलेली असतात. त्यांचे वर्णन थिओडोर लँगहान्स यांनी १८६८ मध्ये केले, म्हणजे जंतू सापडण्याच्याही आधी. त्याबाहेर टी पेशींचे कडे आणि सर्वांत बाहेर तंतूंचे कुंपण. जुनी गाठ कापली तर मधोमध पिवळट, ठिसूळ लगदा निघतो. युरोपातल्या डॉक्टरांना तो पाहून चीज आठवले आणि त्याला तसेच नाव पडले. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला कुस्करलेले पनीर आठवते.

या लगद्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. जंतू मरगळतात, वाढ थांबवतात, पण जिवंत राहतात. पुढे गाठीत चुना साठतो आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या छातीच्या एक्स-रेत डॉक्टर ‘जुना डाग आहे, काळजी नको’ म्हणतात तो हाच. ही गाठ जंतूसाठी तुरुंग आहे की गढी, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. झेब्रा माशांच्या पिल्लांवरील प्रयोगांत गाठ बांधायला येणाऱ्या नव्या पेशीच जंतूला पसरायला वाहन पुरवताना दिसल्या आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात आणि वेळ कोणती यावर कोणती लागू ते ठरत असावे, असे मानणे सध्या जास्त सयुक्तिक वाटते.

तह मोडतो तेव्हा

गाठ धरून ठेवणाऱ्या रसायनांत टीएनएफ प्रमुख आहे. संधिवातासाठी हेच रसायन दाबणारी इन्फ्लिक्झिमॅबसारखी औषधे आली आणि २००१ पर्यंत ती घेणाऱ्यांत जुना क्षय उफाळून आल्याच्या नोंदी झाल्या. तेव्हापासून असे औषध सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. एचआयव्हीमध्ये घट होते ती सीडी४ टी पेशींची, म्हणजे गाठीभोवतीच्या कड्याची. तिथे संसर्गित व्यक्तीला दर वर्षी असणारा धोका इतरांच्या आयुष्यभराच्या धोक्याइतका भरतो. मधुमेहात धोका सुमारे तिप्पट होतो. आपल्या देशात मात्र सर्वांत मोठे कारण कुपोषण आहे. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना अधिकचे धान्य व डाळ देऊन केलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या घरांतील नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. एखाद्या लसीने हे केले असते तर पहिल्या पानावर बातमी आली असती.

पण तह प्रतिकार दुबळा पडल्यामुळेच मोडतो असे नाही. धडधाकट तरुणाच्या फुप्फुसात लगदा पातळ होतो, श्वासनलिकेत फुटतो, खोकल्यावाटे बाहेर पडतो आणि मागे पोकळी राहते. डॉक्टर तिला कॅव्हिटी म्हणतात. तिचा सांगाडा पोखरणारी विकरे माणसाच्याच पेशींची असतात. पोकळीत हवा खेळते, जंतूंची संख्या कोट्यवधींवर जाते आणि बेडक्यातून ते बाहेर पडू लागतात. एचआयव्हीच्या पुढच्या टप्प्यातील रुग्णांत, जिथे प्रतिकार कोसळलेला असतो, पोकळ्या कमी दिसतात आणि थुंकीच्या काचपट्टीवर जंतू पुष्कळदा सापडत नाहीत. म्हणजे पुढच्या माणसापर्यंत जाण्याचा रस्ता जंतूला शरीर खणून देते. इतर अनेक जंतू टी पेशींना चकवण्यासाठी आपली ओळखीची चिन्हे सतत बदलतात. क्षयाच्या जगभरच्या वाणांची जनुके २०१० मध्ये तपासली गेली, तेव्हा नेमकी हीच चिन्हे सर्वांत कमी बदललेली आढळली. ओळखले जाणे या जंतूच्या पथ्यावर पडत असावे.

संध्याकाळी अंगात कसर येणे, रात्री घामाने उशी भिजणे, जेवणावरची वासना उडणे, अंगावरचे मांस झडणे, ही सारी लक्षणे प्रतिकाररसायनांची आहेत. टीएनएफचे एक जुने नाव कॅकेक्टिन होते, आणि ते झिजण्यावरूनच पडले होते. छातीत पाणी होणे हेही याच जातीचे. त्या पाण्यात टी पेशी खच्चून असतात, जंतू मात्र शोधूनही क्वचित मिळतो. म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ हा बाटलीवरचा मजकूर क्षयापुरता तरी निरर्थक आहे. इथे प्रतिकार किती आहे याइतकाच तो बेतात आहे की नाही, हा प्रश्न असतो. क्षयाच्या मेंदूज्वरात जंतूनाशकांच्या जोडीला प्रतिकार दाबणारे डेक्सामेथासोन देतात आणि त्याने मृत्यू कमी होतात, हे व्हिएतनाममधील चाचणीत २००४ मध्ये दिसले. उलट, एचआयव्हीची औषधे सुरू होऊन टी पेशी परतू लागल्या की काही रुग्णांचा क्षय काही आठवडे बिघडतो, गाठी सुजतात, ताप चढतो. औषधे लागू पडत नाहीत असे घरच्यांना वाटते, पण बहुधा ती लागू पडल्याचीच ती खूण असते.

औषधांविना शरीर एकटे कुठवर जाते? बंगळूर जिल्ह्यातील खेड्यांत १९६१ ते १९६८ या काळात झालेल्या पाहणीत, थुंकीत जंतू असलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांत जवळपास निम्मे दगावले, साधारण एक तृतीयांश आपोआप जंतुमुक्त झाले आणि बाकीचे जंतू पसरवत राहिले. फिलाडेल्फियाहून एम.डी. होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात वयाच्या २१ व्या वर्षी क्षयाने गेल्या. तेव्हा जंतू माहीत होऊन पाच वर्षे झाली होती. स्ट्रेप्टोमायसिन मिळायला मात्र १९४३ साल उजाडले.

कातडीवरचा पुरावा

कॉख यांनी १८९० मध्ये जंतूंच्या अर्कापासून केलेले ट्यूबरक्युलिन हे औषध म्हणून जाहीर केले. औषध म्हणून ते फसले, काही रुग्ण त्याने दगावले. पण संसर्ग झालेल्यांच्या अंगात त्याची जोरदार प्रतिक्रिया उठते हे लक्षात आले, आणि क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये व शार्ल मांटू यांनी १९०८ मध्ये त्याची त्वचाचाचणी बनवली. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्दही पिर्के यांचाच, १९०६ चा.

मांटू चाचणीत हाताच्या पुढच्या भागात कातडीच्या थरात थेंबभर द्रव टोचतात. लगेच उठणारी गांधी विरून जाते. खरी प्रतिक्रिया ४८ ते ७२ तासांनी वाचायची, कारण टी पेशींना तिथवर चालून यायला तेवढा वेळ लागतो. मोजायचा तो कडकपणा, लाली नव्हे. सरावलेली परिचारिका बॉलपेन घेऊन बाजूने आत रेघ ओढत आणते. कडक भागाच्या काठावर पेन अडते. दुसऱ्या बाजूनेही तसेच करून दोन टोकांमधले अंतर पट्टीने मोजते. सर्वसाधारणपणे १० मिमी किंवा जास्त म्हणजे सकारात्मक, एचआयव्ही असल्यास ५ मिमी पुरे. संसर्ग आहे एवढेच यातून कळते, रोग आहे की नाही ते नाही. गोवर झालेल्या मुलांत ही प्रतिक्रिया काही काळ नाहीशी होते, असे पिर्के यांनी १९०८ मध्ये नोंदवले. एक रोग दुसऱ्याविरुद्धची स्मृती झाकून टाकतो, हे तेव्हाच दिसले होते.

बीसीजी ही क्षयाची लस टोचलेल्यांतही मांटू उठू शकते, हा तिचा दोष. त्यावर उपाय म्हणून बीसीजीत नसलेली दोन प्रथिने वापरून रक्तचाचण्या आल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सी-टीबी ही त्वचाचाचणीही त्याच तत्त्वावर चालते. या सगळ्या चाचण्या टी पेशींच्या आहेत. जंतू पेशींच्या आत राहत असल्याने रक्तातल्या प्रतिपिंडांवरून, म्हणजे अँटीबॉडींवरून, रोगाचा भरवसा देता येत नाही. तरीही प्रतिपिंडे मोजून क्षयाचे निदान करणाऱ्या रक्तचाचण्या भारतात वर्षानुवर्षे सर्रास विकल्या गेल्या. केंद्र सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली.

बीसीजी

अल्बेर काल्मेत आणि कामिय गेराँ यांनी १९०८ पासून लील येथे गाईच्या क्षयाचा जंतू पित्त घातलेल्या बटाट्यावर १३ वर्षे, सुमारे २३० वेळा वाढवून सौम्य केला. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये ही लस प्रथम एका अर्भकाला पाजली गेली. भारतात ती १९४८ पासून आहे. जन्मल्यावर डाव्या दंडात टोचल्यानंतर काही दिवस काहीच दिसत नाही. दोन ते सहा आठवड्यांत पुळी येते, पिकते, फुटते, खपली धरते आणि खळगा ठेवून जाते. घरात कुणीतरी शेक द्यायला, हळद लावायला सरसावते, पण काहीही लावायचे नसते. फुप्फुसात जे आतल्या आत घडते त्याची ही दंडावरची लहान प्रत आहे.

लहान मुलांतील मेंदूज्वर आणि अंगभर पसरणारा क्षय बीसीजी चांगला रोखते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाबाबत तिचा भरवसा नाही. तमिळनाडूतील चेंगलपट्टू भागात १९६८ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांवर सुरू झालेल्या चाचणीत असे संरक्षण मिळालेच नाही. मातीपाण्यातल्या इतर मायकोबॅक्टेरियांशी लहानपणापासून येणारा संबंध हे त्याचे एक संभाव्य कारण मानतात. गंमत अशी की हीच लस मूत्राशयाच्या कर्करोगात, १९७६ मधील अल्वारो मोरालेस यांच्या कामापासून, आत सोडली जाते आणि तिथे तिने उठवलेला दाह कर्कपेशींना मारतो. सध्या चाचणीत असलेल्या नव्या लसींत तिसऱ्या टप्प्यात पोचलेल्या एम७२ चा समावेश आहे. आधीच्या टप्प्यात तिने संसर्गित प्रौढांतील फुप्फुसाचा क्षय सुमारे निम्म्याने कमी केला होता.