विद्यार्थी गुणगौरव आणि विभागीय सहजीवन : खान्देशातील जैववैद्यक शिक्षण

विद्यार्थी गुणगौरव : परीक्षा, संशोधन, खेळ, कला किंवा समाजकार्यात नाव काढणाऱ्या विद्यार्थ्याचा संस्थेने किंवा समाजाने चारचौघांत केलेला सत्कार. जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, औषधनिर्माणशास्त्र आणि वैद्यक शिकवणाऱ्या खान्देशातील संस्थांच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला हा सत्कार दोन मांडवांखाली येतो. एक विद्यापीठाचा, दुसरा गावाचा. दोन्हीकडे मोजमाप मुख्यतः गुणांचेच असते. प्रयोगशाळेत बसलेला हात, सुट्टीच्या दिवशीही येऊन सांभाळलेले सूक्ष्मजीवांचे कल्चर, सातपुड्याच्या पाड्यावर दिवसभर उभे राहून केलेली रक्ततपासणी यांसाठी हार क्वचितच मागवला जातो. या गोष्टींची कदर होते ती वसतिगृहात, कट्ट्यावर आणि शेतातल्या भरीत पार्टीत. म्हणून सत्कार आणि सहजीवन या दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे.

पार्श्वभूमी

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला स्थापन झाले. तोवर खान्देशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. शहराबाहेर गिरणेच्या बाजूला असलेल्या या परिसरात जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान हे पदव्युत्तर विषय एकाच प्रशाळेत शिकवले जातात. वैद्यक शिक्षणाचा कारभार मात्र निराळा. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने; जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. ही सगळी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. परिणामी एकाच शहरात रक्ताचाच अभ्यास करणारे एमबीबीएसचे आणि एमएस्सीचे विद्यार्थी दोन विद्यापीठांच्या वेळापत्रकांवर चालतात. त्यांचे महोत्सव वेगळे, पदके वेगळी, आणि एकमेकांची तोंडओळखही बेताचीच. ही फट बुजवण्याइतके कार्यक्रम अजून तरी दिसत नाहीत.

गुण, पदक आणि पद

विद्यापीठाकडून होणारा सर्वांत मोठा गौरव म्हणजे दीक्षान्त समारंभातले सुवर्णपदक. बरीच पदके देणगीदारांनी आईवडिलांच्या किंवा गुरूंच्या स्मरणार्थ ठेवलेल्या निधीतून दिली जातात. निकष साधा असतो: त्या विषयात सर्वाधिक गुण. पदक घ्यायला मुलगी मंचावर जाते तेव्हा खाली शेतातली कामे टाकून आलेले आईवडील बसलेले असतात. मुलगी म्हणायचे कारण, अलीकडच्या समारंभांत पदकांच्या यादीत मुलींचीच नावे जास्त असतात.

गुणांचा हा वरचष्मा पदकापुरता राहिला नाही. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयीन निवडणुका बंद करून वर्गाचा प्रतिनिधी आदल्या वर्षीच्या गुणांवरून नेमण्याची पद्धत आणली. खेळ, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना यांतून एकेक जण आणि मुलींच्या प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायच्या, अशी तरतूद होती. हेतू मारामाऱ्या आणि पैशाचा खेळ थांबवण्याचा होता. पण त्यातून वर्गात पहिला येणारा हाच वर्गाचा पुढारी असे समीकरण तयार झाले. असा प्रतिनिधी बहुधा पुस्तकात डोके घातलेला; वसतिगृहाला पाणी येत नाही म्हणून कुलसचिवांच्या दारात उभे राहण्याची हौस त्याला असेलच असे नाही. २०१६ च्या नव्या कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद आली, तरी प्रत्यक्ष निवडणुका रखडतच राहिल्या.

समाजाचा सत्कार

दहावी-बारावीचे निकाल लागले की खान्देशात गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. लेवा पाटीदार, गुजर, मराठा, माळी, कोळी, तेली अशा प्रत्येक समाजाची मंडळे मंगल कार्यालय ठरवतात आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स जमा करण्याची शेवटची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, प्रमाणपत्र, एखाद्या ठिकाणी बॅग किंवा शब्दकोश. भाषणे लांबतात, यादी मोठी असते, आणि शेवटच्या टप्प्यात नावे इतक्या घाईने पुकारली जातात की पहिल्याचा फोटो होण्याआधी तिसरा मंचावर चढलेला असतो.

या समारंभांना हसणे सोपे आहे. मात्र ज्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच पिढी आहे, त्या घराला आपले मूल शिकते आहे हे चार नातेवाइकांसमोर पहिल्यांदा दिसते ते इथेच. अडचण निराळी आहे. नीटमधून एमबीबीएसला लागलेल्या मुलाचा फ्लेक्स चौकात लागतो. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या मुलीला मात्र ‘म्हणजे पुढे काय होते?’ असे विचारले जाते. पॅथॉलॉजी लॅब एवढेच उत्तर लोकांना कळते, म्हणून तीही तेच देते. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ विद्यावृत्ती, मिळाली की चित्र पालटते. दरमहा विद्यावृत्ती मिळते, २०२३ पासून ती ३७,००० रुपये आहे, हे एकदा समजले की त्याच चौकात तिचाही फ्लेक्स झळकतो. विज्ञानाला पगाराच्या आकड्यातून मान मिळतो, याबद्दल तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही. कापसाच्या भावावर वर्षाचा हिशेब बसवणाऱ्या घरात आकडा हीच विश्वासाची भाषा असते.

आविष्कार आणि प्रयोगशाळेतला हात

गुणांपलीकडे पाहणारी मोठी व्यवस्था म्हणजे ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा. कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून ती महाराष्ट्रात चालते. जिल्हा, विद्यापीठ आणि राज्य अशा पायऱ्या चढत पोस्टर मांडायचे आणि परीक्षकांसमोर काम समजावून सांगायचे. शुद्ध विज्ञान आणि वैद्यक व औषधनिर्माण हे गट वेगवेगळे असतात. केळीच्या खोडाच्या टाकाऊ भागापासून काही करता येईल का, सातपुड्यातल्या औषधी वनस्पतींचा अर्क जिवाणूंना रोखतो का, असे खान्देशाच्या मातीतले प्रश्न इथे हमखास भेटतात. पाठांतर इथे उघडे पडते: तुलनेसाठी नियंत्रण संच का ठेवला, या प्रश्नावर पोपट गप्प होतो.

प्रयोगशाळेतल्या कष्टाचा अंदाज वैशाखात येतो. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. बहुतेक रोगकारक जिवाणू वाढवायला ३७ अंश लागतात, आणि साधा इनक्युबेटर, म्हणजे जिवाणू ठरावीक तापमानाला ठेवण्याची पेटी, फक्त तापवू शकतो, गार करू शकत नाही. खोलीच ४० अंशांवर गेली की त्याचा काटा खाली येत नाही. मग थंड करण्याची सोय असलेल्या बीओडी इनक्युबेटरमध्ये सगळ्यांच्या प्लेटा (जिवाणू वाढवायच्या उथळ बशा) दाटीवाटीने ठेवल्या जातात आणि कोणाची प्लेट कोणत्या फळीवर, यावरून कुरबुरी होतात. दुपारी ओतलेले अगर (जेलीसारखे घट्ट होणारे द्रव्य) लवकर धरत नाही, म्हणून मीडिया (जिवाणूंचे खाद्य) सकाळी सातला ओतायचा, असे ज्येष्ठ विद्यार्थी सांगतात. वीज गेली की फोन पहिल्यांदा लॅब अटेंडंटला जातो. वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचा वाल्व केव्हा दगा देतो, कोणता पिपेट चुकीचे माप दाखवतो, हे त्याला सर्वांत आधी ठाऊक असते. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याचे नाव शेवटच्या ओळीत येते. शोधनिबंध छापला गेला तर लेखकांच्या यादीत एमएस्सीच्या विद्यार्थ्याचे नाव कितवे लागते, हा तर नाजूक प्रश्न. प्लेटा ज्याने मोजल्या त्याचे नाव कधी असते, कधी नसते. खरा गौरव तिथे व्हायला हवा, असे या क्षेत्रातल्या अनेकांचे मत आहे.

सहजीवन

विभागात नवागतांचे स्वागत, शिक्षक दिन, २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आणि निरोप समारंभ हे ठरलेले टप्पे. विज्ञान दिनाच्या रांगोळीत पेशी, विषाणू आणि डीएनएची दुहेरी वळी रंगते, भित्तिपत्रकाचे उद्घाटन होते. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात १९२० च्या दशकात साने गुरुजी विद्यार्थ्यांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. तसा नेम आज कुठे दिसत नाही, पण भित्तिपत्रकाची हौस टिकून आहे. विद्यापीठाचा युवक महोत्सव ‘युवारंग’ हा विज्ञानाच्या मुलांनाही ढोल, मूकाभिनय आणि आदिवासी नृत्याच्या तालमीत ओढतो. ‘कमवा व शिका’ योजनेतली मुले तास संपले की ग्रंथालयात किंवा बागेत कामाला लागतात आणि महिन्याच्या मेसचा काही भार त्यातून उचलतात.

वसतिगृहात भाषांची सरमिसळ असते. धडगाव-अक्कलकुव्याची मुले आपसात पावरी किंवा भिली बोलतात, यावल-रावेरची लेवा बोली, धुळे-अमळनेरची अहिराणी. वर्गात सगळे प्रमाण मराठी-इंग्रजीत अवघडून बोलतात. रात्री प्लेट पाहून आलेल्याला मात्र ‘ग्रोथ उनी का भो?’ (वाढ आली का, भाऊ?) असेच विचारले जाते. पहिल्या सत्रात इंग्रजीच्या धाकाने गप्प बसलेला मुलगा व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडखळतो आणि त्याचे गुण जातात, हे शिक्षकांनाही माहीत आहे. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनंतर रॅगिंगला चाप बसला. ज्येष्ठांना दादा-ताई म्हणण्याची रीत, आणि त्यांच्या जुन्या जर्नलवर (प्रयोगवहीवर) हक्क सांगण्याची रीत, तशीच आहे.

थंडीत भरीत पार्टी ठरते. कोणाच्या तरी शेतावर जायचे, मोठी हिरवी वांगी तुरकाठ्यांवर किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुरीबरोबर केळीच्या पानावर वाढायचे. साल काढण्याचे काम प्रथम वर्षाकडे. गाइड सरही बडगीपाशी बसतात. प्रबंधाचे मार्गदर्शन, सुट्टी, उशिरा दिलेला अहवाल, असे खोलीत न निघणारे विषय इथे निघतात. सुवर्णपदक कोणाला मिळेल यापेक्षा अडल्यावेळी कोणाला हाक मारायची, हे या पंगतीत पक्के होते.

पाड्यावरची तपासणी

जैववैद्यक शिक्षणाचा समाजाशी सर्वांत थेट संबंध सिकलसेलमुळे येतो. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा आदी समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढ्या बदलाने प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत निर्मूलनाचे तिचे उद्दिष्ट आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांत आणि आरोग्य यंत्रणेच्या तपासणीत विद्यार्थी मदतनीस असतात. विद्राव्यता चाचणीत बोटाच्या टोकाचे रक्त डायथायोनाइट असलेल्या द्रावणात टाकतात आणि नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. मागच्या रेघा स्पष्ट दिसल्या तर निष्कर्ष नकारार्थी. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या खात्रीच्या चाचण्या. विद्राव्यता चाचणी वाहक (एकच सदोष जनुक असलेला, सहसा स्वतः आजारी नसलेला) आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही, आणि तान्ह्या बाळांत ती विश्वसनीय नसते. तेव्हा नळी गढूळ होताच ‘तुला सिकलसेल आहे’ असे म्हणायचे नाही, हे शिबिरापूर्वी बजावलेले असते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, हे पावरीत समजावून सांगणारी त्या पाड्यातलीच विद्यार्थिनी असेल तर लोक ऐकतात. लग्न मोडण्याच्या भीतीने निकाल लपवला जातो, म्हणून कागद कोणाच्या हाती द्यायचा याचीही तीच काळजी घेते. या कामाचे तिला सहभागाचे प्रमाणपत्र मिळते, तेच जे नाश्त्याची पाकिटे वाटणाऱ्यालाही मिळते.

मूल्यांकन आणि माजी विद्यार्थी

उच्च शिक्षण संस्थांची पारख करणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी साहाय्य व प्रगती हा स्वतंत्र निकष असल्याने सत्कारांची नोंद ठेवणे संस्थांना भाग पडले. त्यामुळे कार्यक्रम वाढले, आणि प्रत्येक पुष्पगुच्छाचा स्थाननोंद असलेला फोटोही. माजी विद्यार्थ्यांचा सहभाग याच निकषात मोजला जातो. कागदोपत्री मेळाव्यांपेक्षा अंकलेश्वर, वापी, नाशिक, पुण्याच्या औषध कंपन्यांत गेलेल्यांचे बॅचनिहाय व्हॉट्सअ‍ॅप गट अधिक कामाचे ठरतात: गुणवत्ता नियंत्रण विभागात जागा निघाली की जाहिरातीआधी बातमी विभागात पोहोचते, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री जळगावहून गेलेल्या मुलाची झोपायची सोय कोणा दादाच्या खोलीवर होते.