‘पझेशनचं कलम काढा’ : लांबलचक मसुद्यात झटकन फिरण्यामागचा इतिहास

ठाण्यातलं नौपाडा, पाचपाखाडी, वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती. जिथे जिथे पुनर्विकासाचं वारं आहे, तिथे सोसायटीच्या कमिटीवर एक नवा वाचक तयार झालाय. बँकेतून निवृत्त झालेला, चष्मा कपाळावर सरकवलेला आणि लॅपटॉपवर डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटचा भलामोठा ड्राफ्ट उघडून बसलेला. पुनर्विकासाची सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालची कार्यपद्धती ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने नव्याने ठरवली गेली, आणि कागद वाचून मगच सही करायची हे सभासदांच्याही अंगवळणी पडू लागलं. मग मीटिंगमध्ये फर्माइशी सुटतात. “भाड्याचं कलम काढा.” “आता कॉर्पसचं, बिल्डर देणार त्या निधीचं.” “पझेशनच्या, म्हणजे ताब्याच्या तारखेशी ते जुळतंय का बघा.” आणि माउसचं चाक फिरायला लागतं. वर, खाली, पुन्हा वर.

नव्या फ्लॅटच्या करारात हाच खेळ असतो. मोफाच्या काळात, म्हणजे फ्लॅटविक्रीच्या १९६३ च्या कायद्याखाली, विक्रीकराराचा नमुना सरकारने नियमांतच दिला होता. रेराचे महाराष्ट्रातले नियम २०१७ मध्ये आले आणि त्यांच्यासोबत परिशिष्ट ‘अ’ मधला आदर्श करारनामा. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टॉवरचा करार घ्या, सांगाडा तोच. म्हणजे टेम्प्लेट आहे, भाग ठरलेले आहेत, क्रमही बराचसा ठरलेला आहे. तरी एका भागातून दुसऱ्यात जायला इतका वेळ का लागतो?

लोक याचं उत्तर शॉर्टकटच्या यादीत शोधतात. अशा याद्या भरपूर फिरतात, आणि त्यातले निम्मे शॉर्टकट आपल्या फाइलवर चालतच नाहीत. कारण उडी मारायला फाइलला स्वतःचे भाग ठाऊक असावे लागतात. आपल्याकडच्या बहुतेक मसुद्यांना ते ठाऊक नसतात, आणि त्याचं मूळ कॉम्प्युटरच्याही आधीचं आहे.

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर, कलेक्टर कचेरीच्या आसपास, टेबल टाकून बसलेले टायपिस्ट ही कित्येक दशकांची परंपरा. गोदरेजने पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर १९५५ मध्ये आणला. त्याआधी रेमिंग्टन वगैरे परदेशी यंत्रांचं राज्य होतं. या यंत्रावर मथळा म्हणजे मधोमध आणलेली, खाली रेघ मारलेली ओळ. इंग्रजी असेल तर कॅपिटलमध्ये. यंत्राला एवढंच करता येत होतं आणि तेवढं पुरेसंही होतं, कारण मथळा ओळखणारा डोळा माणसाचा होता. भाग शोधायचा तर पान नंबर आणि परिच्छेद नंबर. ‘फॉरमॅट’ म्हणजे सायक्लोस्टाइल केलेला कागद, त्यावर टिंबटिंबांच्या रिकाम्या जागा. एका जागेवरून दुसरीवर झटकन जायची सोय मात्र तेव्हाही होती: टॅब. गाडीवर खिळ्या लावून ठेवायच्या, की बटण दाबताच रोलर थेट त्या स्तंभावर. आज ऑनलाइन फॉर्म भरताना नावाच्या चौकोनातून पत्त्याच्या चौकोनात नेणारी टॅब ती हीच.

मग कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा वर्डस्टार हा प्रोग्रॅम आला. मायक्रोप्रो कंपनीने तो १९७८ मध्ये बाजारात आणला. कंपनी सीमोर रुबिन्स्टाइन यांची, प्रोग्रॅम लिहिणारे रॉब बार्नबी. आपल्याकडे तो पसरला डॉसच्या काळात, आणि ‘वर्डस्टार, लोटस, डीबेस’ हे तीन शब्द एका दमात म्हणणारे क्लास गल्लोगल्ली निघाले. तेव्हा शिकलेल्या माणसाची बोटं अजून ते विसरलेली नाहीत. कंट्रोल दाबून क्यू आणि आर म्हणजे फाइलचा आरंभ, क्यू आणि सी म्हणजे शेवट. आणि खरी चैन म्हणजे खुणा: कंट्रोल-के आणि शून्य ते नऊपैकी एक आकडा दाबला की त्या जागी खूण, कंट्रोल-क्यू आणि तोच आकडा दाबला की तिथे परत. दहा जागा, हात कीबोर्डवरून न उचलता. पार्टीचं नाव, मिळकतीचं वर्णन, मोबदला, साक्षीदार असे चार आकडे पाठ असले की झालं. माझ्या मते वेगाच्या बाबतीत यापेक्षा चांगलं फारसं काही नंतर आलं नाही. पण खुणा लावणारा माणूसच. तीन नंबरवर मिळकतीचं वर्णन आहे हे वर्डस्टारला काय माहीत? त्याच्या लेखी ती फक्त एक जागा.

भाग म्हणजे काय हे यंत्राला समजावण्याची खटपट अमेरिकेत याच्या दहा वर्षं आधी झाली होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी आपली प्रणाली जाहीरपणे दाखवली. माउस लोकांना पहिल्यांदा दिसला तो तेव्हाच, म्हणून तो दिवस सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्यांनी पडद्यावर एक बाजारहाटाची यादीही उघडली होती. तिचे गट पाडले, गटांखाली जिनसा ठेवल्या, मग आतलं मिटवून नुसते गट दाखवले आणि हव्या त्या नोंदीवर उडी मारली. आज वर्डच्या डाव्या कडेला मथळ्यांची जी यादी दिसते तिचा हा पणजोबा. पुढच्याच वर्षी आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या टोकाने तोच विचार धरला: मजकुरात ‘हे ठळक छापा’ असं लिहू नका, ‘हा पहिल्या पातळीचा मथळा’ असं लिहा. ठळक करायचं की मोठं, ते नंतर ठरेल. यातून १९८६ मध्ये मजकुराला अशा खुणा लावण्याचं एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि वेबपानं ज्या एचटीएमएलमध्ये लिहिली जातात तीही याच घराण्यातली.

मायक्रोसॉफ्टचा वर्ड १९८३ मध्ये डॉसवर आला, विंडोजवर १९८९ मध्ये. त्यामागचे चार्ल्स सिमोनी आधी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ब्राव्हो नावाच्या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमवर काम करून आले होते, आणि स्टाइलची कल्पना वर्डमध्ये सुरुवातीपासूनच रुजली. ओळीला ‘हेडिंग १’ ही स्टाइल दिली की ती कशी दिसेल ते ठरतंच, शिवाय ती मथळा आहे आणि कुठल्या पातळीचा आहे याचीही नोंद फाइलमध्ये होते. आल्ट-कंट्रोल-१ दाबलं की काम संपलं.

पण कोर्ट नाक्यावर, स्टेशन रोडच्या झेरॉक्सच्या दुकानांत, बेलापूरला कोकण भवनाच्या आजूबाजूला टायपिंगची कामं करणाऱ्यांकडे टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा सवयी टाइपरायटरच्याच आल्या. मथळा सिलेक्ट करायचा, बोल्ड, अंडरलाइन, सेंटर. कलमाचा नंबर हाताने टाइप करायचा. ओळ पुढे ढकलायची तर स्पेसबार. नवं पान हवं तर एंटर, एंटर, एंटर. छापल्यावर कागद अगदी नीटस दिसतो, म्हणून कुणाची तक्रार नाही. त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. गिऱ्हाईक पैसे छापील पानाचे देत होतं. हीच फाइल मग ‘सेव्ह ॲज’ होत होत वर्षानुवर्षं चालली. आजही कित्येक वकिलांचे ‘फॉरमॅट’ म्हणजे जुन्या पार्टीची नावं खोडून तयार केलेली फाइल.

वर्ड ९७ ने या लोकांची दखल घेतली, आणि गंमत उडाली. त्यात ‘डॉक्युमेंट मॅप’ नावाचा कप्पा आला: डावीकडे मथळ्यांची यादी, क्लिक केलं की तिथे. फाइलमध्ये खऱ्या हेडिंगच्या स्टाइल नसतील तर वर्ड स्वतःच अंदाज बांधायचा. ओळ छोटी आहे, अक्षर मोठं आहे, तर मथळाच असणार. त्यामुळे यादीत ‘मोबदला’ नसायचा, पण लिहून देणाराचं नाव, नुसता ‘आणि’, एखाद्या वेळी स्टँपची रक्कम अशा ओळी दिमाखात बसलेल्या असायच्या. बऱ्याच जणांनी हा कप्पा एकदा उघडला आणि कायमचा बंद केला. त्याच आवृत्तीत उजव्या स्क्रोलपट्टीच्या तळाशी एक गोल बटणही होतं. त्यातून मथळा, तक्ता, तळटीप यांपैकी काय हवं ते निवडायचं आणि कंट्रोल-पेजडाउनने एकेकावर टपटप जायचं. फार उपयोगी चीज. २०१३ च्या आवृत्तीत ते बटण काढून टाकलं गेलं.

मराठी मसुद्यांची कथा आणखी वेगळी. १९९१ मध्ये भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर साठवण्यासाठी इस्की हे मानक ठरलं होतं, पुण्याच्या सी-डॅकची साधनं होती, पण दुकानांतलं रोजचं काम चालायचं श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचंच आयएसएम यांच्या फॉन्टवर. या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसला तरी फाइलमध्ये साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. एखाद्या हौशी ऑपरेटरने मराठी मथळ्याला अगदी रीतसर हेडिंगची स्टाइल दिली, तरी डॉक्युमेंट मॅपमध्ये ‘मिळकतीचे वर्णन’ ऐवजी डॉलर, टोप्या आणि कंस यांची खिचडी. कारण त्या कप्प्याचा फॉन्ट वेगळा. त्यावर एक उपाय होता आणि जाणकार तो वापरत: कप्प्याची स्वतःची ‘डॉक्युमेंट मॅप’ नावाची स्टाइल असे, तिचा फॉन्ट बदलून मराठी केला की यादी वाचता येई, मग इंग्रजी मथळ्यांचा विचका होई, ही गोष्ट निराळी. शोधण्याचंही तसंच. शोधखिडकीत ‘ताबा’ टाइप केलं की तिथेही तीच चिन्हं उमटायची. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला फॉन्टवर न अवलंबणारा स्वतःचा क्रमांक, आणि मंगल फॉन्ट आला तेव्हा हा प्रश्न मुळातून सुटण्याची सोय झाली. दुकानांतले जुने फॉरमॅट मात्र जुन्याच फॉन्टमध्ये राहिले, कारण ते बदलून सगळी जोडाक्षरं पुन्हा तपासायला कुणाला वेळ होता?

रिकाम्या जागांचं तंत्र वेगळ्या वाटेने वाढलं, आणि ते टेम्प्लेटच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. टिंबटिंबांच्या जागी जुने टेम्प्लेट करणारे एक युक्ती करत: मॅक्रोबटन नावाचं फील्ड, म्हणजे वर्डने ओळखायची खास जागा, घालून त्यात ‘इथे क्लिक करून नाव लिहा’ असा मजकूर ठेवायचा. एफ११ दाबलं की कर्सर पुढच्या फील्डवर, पूर्ण निवड होऊनच. लिहायला लागलं की सूचना गायब. शिफ्ट-एफ११ ने मागे. वर्ड २००७ मध्ये कंटेंट कंट्रोल नावाचे भरायचे चौकोन आले, तारखेला कॅलेंडर, पर्यायांना यादी. दिसायला देखणे, पण ते फील्ड नसल्यामुळे एफ११ त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. टॅबने एकातून दुसऱ्यात जायचं तर दस्तऐवज ‘फक्त फॉर्म भरण्यासाठी’ असा बंदिस्त करावा लागतो, आणि वकिलाला तर मधलं एखादं कलमही बदलायचं असतं. म्हणून लिव्ह अँड लायसन्सच्या ठरीव मसुद्यांत अजूनही जुनं तंत्र जास्त सोयीचं पडतं.

२०१० मध्ये वर्डने डॉक्युमेंट मॅप मोडीत काढून नॅव्हिगेशन पेन आणला. कंट्रोल-एफ दाबलं की डावीकडे तोच उघडतो, आणि त्यात मथळ्यांची वेगळी यादी असते हे अनेकांना माहीतही नसतं. या पेनने अंदाज बांधणं सोडून दिलं. स्टाइल किंवा पातळी दिली असेल तर मथळा दिसेल, नाहीतर यादी कोरी. मला हा निर्णय योग्य वाटतो. मथळा धरून वरखाली ओढला की अख्खं कलम आपल्या पोटकलमांसकट हलतं, नंबर आपोआप टाकलेले असतील तर तेही सुधारतात. त्याच्या जोडीला शिफ्ट-एफ५ आहे, जे शेवटी जिथे बदल केला तिथे परत नेतं. भाड्याचं कलम बघून पुन्हा मूळ जागी यायला याच्याइतकं सोपं काही नाही. कंट्रोल-जी च्या खिडकीतल्या ‘सेक्शन’ने मात्र फसू नये. तो पानाच्या मांडणीचा विभाग आहे, तिथे तीन टाकून तिसरं कलम मिळत नाही.

लिबरऑफिसवाल्यांकडे हा सगळा सरंजाम एफ५ वरच्या नॅव्हिगेटरमध्ये आहे, स्टारऑफिसपासून चालत आलेला. त्यात मथळे, तक्ते, चित्रं सगळंच आहे, शिवाय पाच तात्पुरत्या आठवणखुणा लावता येतात, वर्डस्टारच्या दहांची आठवण करून देणाऱ्या. गूगल डॉक्समध्ये कडेची रूपरेषा २०१६ मध्ये आली आणि २०२४ मध्ये एकाच दस्तऐवजाचे वेगळे भाग करणारे टॅब.

आता कमिटीकडे येणाऱ्या ड्राफ्टचं काय? मथळ्यांची यादी कोरी दाखवणारी फाइल आली तर एकाच माणसाने बसून मुख्य मथळ्यांना हेडिंग १ द्यायचं, एवढं काम मीटिंगच्या आधी उरकता येतं. कलमांतला एकही शब्द त्याने बदलत नाही. पण बदलांची नोंद ठेवणारं ट्रॅक चेंजेस चालू असेल तर समोरच्या वकिलाला मांडणीतले बदल दिसतील, त्यांना आधी कळवलेलं बरं. पीडीएफ करतानाही वर्डच्या पर्यायांत ‘हेडिंगवरून बुकमार्क तयार करा’ ही खूण करावी लागते, ती आपोआप पडत नाही. केली की पीडीएफच्या कडेलाही तीच यादी येते.

ही सगळी सोय सहीपर्यंत टिकते. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला की प्रत्येक पानावर शिक्का पडतो: ठाण्यात ‘टनन’ आणि कचेरीचा क्रमांक, दस्त क्रमांक, वर्ष, आणि एकूण पानांपैकी हे कितवं. नोंदलेली प्रत म्हणजे स्कॅन केलेली चित्रं, त्यांत ना मथळे ना बुकमार्क. पुढे कधी बँक, कोर्ट किंवा दुसरा खरेदीदार त्यातलं पझेशनचं कलम मागेल, तेव्हा सांगायचा तो पान नंबरच.