तोरणाची जाळी अंगात कशी आली: सुती क्रोशा कार्डिगनची पार्श्वभूमी

मार्च लागला की आमच्या गावातल्या पोरी मोबाईलवर फोटो दाखवायला येतात, पांढरं नाहीतर बदामी, जाळीदार, पुढून उघडं, क्रोशानं विणलेलं सुती कार्डिगन, आणि विचारतात ताई हे आपल्या इकडच्या उन्हात चालते का. चालतं, मस्त चालतं. दुपारी गाडीवर जाताना हात झाकायला, तालुक्याच्या बँकेत एसीखाली तासभर नंबर लावून बसावं लागतं तिथं, रात्री कूलरच्या अगदी समोर खाट आली तर, आणि कार्तिकात काकड आरतीला जाताना सुद्धा, कारण तेव्हा पहाटे थंडी असते आणि दहा वाजता लोकर अंगावर नकोशी होते.

मी पहिलं विणलं तेव्हा माझ्या मोठीमायनं ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, भोकात बोट घातलं आणि म्हणाली, "हे तं तोरनाची जाळी होय, आंगात काहून घातली वं माय?" तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तिचं बरोबर होतं, टाके तेच आहेत, साखळी, खांब, आणि मुका खांब म्हणजे आखूड गच्च टाका, तिनं साठ वर्षं तेच केलं पण दाराला, रेडिओला, मग टीव्हीला, आणि लेकरांच्या टोपऱ्याला. मोठ्या बाईच्या अंगावर कधीच नाही. असं का झालं हे समजून घ्यायचं तर तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात, सुई कुठून आली, कार्डिगन कुठून आलं आणि दोरा कुठून आला.

सुईपासून घेऊ. क्रोशा हा शब्द फ्रेंच, त्याचा अर्थच आकडा. विणकाम म्हणून हे फार जुनं नाही, छापलेले पहिले माहीत असलेले नमुने 1823 साली हॉलंडच्या पेनेलोपे नावाच्या मासिकात आले, म्हणजे दोन सुयांवरच्या विणकामापेक्षा क्रोशा बराच धाकटा. पण त्याच्याआधी युरोपात गोल चौकटीवर कापड ताणून आकड्याच्या सुईनं साखळीटाका भरायची पद्धत होती, आणि ती पद्धत पूर्वेकडून तिकडे गेली असं अभ्यासक मानतात. आपल्या कच्छातलं आरीकाम पाहिलं तर लगेच कळतं, मोची लोकांची चामडं शिवायची आरी, तिच्याच टोकाला आकडा, कापडाच्या खालून दोरा वर ओढायचा. ते खालचं कापड काढून टाकलं आणि साखळी हवेतच घातली की झाला क्रोशा. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणजे आकडा इकडून तिकडे गेला असेल आणि विणकाम होऊन परत आला.

परत आला तो मिशनऱ्यांच्या बायकांबरोबर. 1845 पासून आयर्लंडात बटाट्यावर रोग पडून मोठा दुष्काळ झाला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विणून विणून घरं तगवली, आणि तेव्हापासून हे काम म्हणजे गरीब बाईच्या हाताला चार पैसे देणारं काम अशी त्याची ओळख झाली. त्याच काळात आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरला मिशनऱ्यांनी बायकांना लेस शिकवली, तिथं आजही हजारो बाया हेच करतात आणि 2024 मध्ये त्या क्रोशा लेसला जीआय टॅग, म्हणजे हे त्याच भागाचं काम अशी सरकारी नोंद, मिळाला. आपल्याकडं नागपुरात हिस्लॉप साहेबांचं स्कॉटिश मिशन त्याच दशकात आलं. अशा मिशनच्या मुलींच्या शाळांतून शिवणटिपण शिकवायची पद्धत होती, मग ते सरकारी शाळांत आलं, आणि शाळेतून घरात. माझ्या मोठीमायला तिच्या मामीनं शिकवलं, मामीला शाळेतल्या बाईनं. पुढं आमच्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला रुमालाची कड होतीच.

पण शिकवलं काय जायचं, तर लेस. कडा, रुमाल, तोरण, टेबलावरची जाळी. म्हणजे सुईसोबत सुईचं काम काय हे सुद्धा ठरूनच आलं होतं, घर सजवायचं. अंगात घालायचं विणकाम वेगळं, ते लोकरीचं आणि दोन सुयांवरचं, उलट-सुलट.

आता कार्डिगन. हे नाव एका इंग्रज सरदाराचं, जेम्स ब्रुडेनेल, कार्डिगनचा सातवा अर्ल. 25 ऑक्टोबर 1854 ला क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा इथं घोडदळाची जी आत्मघातकी चढाई झाली तिच्या पुढं हा होता, आणि त्याच्या नावानं लोकरीचं, पुढून उघडं जाकीट ओळखलं जाऊ लागलं. म्हणजे मुळात थंडीतल्या फौजी माणसाचा कपडा. बायकांच्या अंगावर तो फॅशन म्हणून आणण्यात पॅरिसच्या कोको शनेलचा मोठा हात, डोक्यातून घालायच्या स्वेटरनं केस विस्कटतात म्हणून तिला पुढून उघडणारं हवं होतं, असं सांगतात.

इथं मला आपल्या बायांचं सांगायचं आहे. आपल्याकडं लुगड्यावर, साडीवर जो स्वेटर घालतात तो पहिल्यापासून पुढून उघडाच आहे. अंबाडा आणि पदर असताना डोक्यातून स्वेटर घालणार कसा, पदर खांद्यावरून निघतो. म्हणून गळा खोल, पुढं पाच-सहा बटनं, कोपरापर्यंत नाहीतर पूर्ण बाही. आमच्या गावात त्याला सगळे स्वेटरच म्हणतात, पण ते कार्डिगनच आहे हो, आणि बायांनी त्यासाठी कोणाच्या फॅशनची वाट पाहिली नाही, साडीनंच ते ठरवलं. तर मोठीमायच्या पेटीत दोन्ही गोष्टी होत्या, कार्डिगनचा आकार लोकरीत आणि क्रोशाची जाळी सुतात. फक्त त्या दोघी कधी भेटल्या नाहीत.

का नाही भेटल्या त्याचं उत्तर दोऱ्यात आहे, आणि दोऱ्याची गोष्ट आपल्याच वावरातली आहे म्हणून तिथं जरा थांबते.

हा सगळा वऱ्हाडचा पट्टा काळ्या मातीचा, पऱ्हाटीचा. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडं दिलं, आणि 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध लागलं तेव्हा तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी, आणि त्यांची नजर आपल्याकडं वळली. भाव एकदम चढले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं खामगावची शाखा सुरू केली, कापसाच्या बाजारासाठीच. अमरावतीला फाटा, मग पुढं यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूरची आपली शकुंतला. एवढी रेल्वे कशाला, तर गठाणी मुंबईला न्यायला.

त्या काळी हिंगणघाटचा कापूस नावाजलेला होता. बनी म्हणायचे त्या जुन्या देशी वाणाला, देशी असून त्याचा धागा लांब आणि मऊ. पण बनीचा उतारा कमी. कास्तकारानं जास्त उतारा देणारे आखूड धाग्याचे वाण लावले, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही कारण बाजारात मोल वजनाला होतं, धाग्याच्या मऊपणाचं घरी येऊन कोणी देत नव्हतं. रिव्हेट-कार्नॅक नावाचा साहेब इंग्रजांनी कापसासाठी कमिशनर म्हणून नेमला होता, तो भेसळ थांबवायच्या मागं लागला, पण बनी मागं पडत गेली ती गेलीच. पुढं अमेरिकन जातीचा कापूस, 1970 नंतर एच-4 सारखे संकरित, 2002 पासून बीटी. आज वावरात आहे तो धागा पुन्हा लांब आहे, पण तो बियाण्याच्या पाकिटातून आलेला.

1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून ते नाव. ही राणी स्वतः क्रोशा करायची. मग पुलगाव, हिंगणघाट, बडनेरा, अचलपूर, सगळीकडं गिरण्या झाल्या, भोंगा वाजायचा, त्यांचं काम सूत आणि कापड.

पण क्रोशाचा दोरा म्हणजे नुसतं सूत नाही, हे विणणारीलाच कळतं. सेवाग्राम इथून जवळ, गांधीजी 1936 पासून तिथं राहिले, वर्धेत मगन संग्रहालय 1938 चं, टकळी तर आमच्या आजोबांच्या पिढीनं शाळेत फिरवलेली. मी एकदा हौसेनं चरख्याचं एकेरी सूत घेऊन क्रोशाला बसले. दहा टाक्यात समजलं. सुईचा आकडा दोऱ्याच्या मधेच घुसतो, पीळ सुटतो, धागा फाकतो, जिथं घट्ट ओढावं तिथं तुटतो. क्रोशात प्रत्येक टाक्याला दोरा तीन-चार वेळा आकड्यावरून घासत जातो, त्याला लांब धाग्याचा विंचरलेला कापूस, दोन-तीन पदर आणि चांगला कडक पीळ लागतो. वरचे तंतू ज्योतीवरून नेऊन जाळावे लागतात. आणि ती चमक असते ना गोळ्याला, ती जॉन मर्सर नावाच्या लँकेशायरच्या माणसाची देणगी, त्यानं कॉस्टिक सोड्यात सुती कापड बुडवलं तर ते मजबूत होतं आणि रंग चांगला धरतं हे शोधलं, 1850 ला पेटंट घेतलं, पण कापड आकसायचं म्हणून गिरणीवाल्यांनी फार मनावर घेतलं नाही. चाळीसेक वर्षांनी होरेस लो यानं तेच काम दोरा ताणून धरून केलं, तेव्हा आकसणं थांबलं आणि रेशमासारखी चमक आली. त्यालाच आपण मर्सराइज्ड म्हणतो.

तर असा दोरा गावात यायचा तो छोट्या गोळ्यात, अँकरचा वगैरे, पांढरा, बारीक, आणि महाग. लग्नात तोरणासाठी चार गोळे आणायचे म्हणजे तालुक्याला फेरी. त्या बारीक दोऱ्यात बाईच्या मापाचं अंग विणायचं तर महिने जातील आणि क्रोशाला दोन सुयांपेक्षा दोराही जास्त लागतो. उलट बाजारात लोकर म्हणून मिळायचं ते ॲक्रिलिक, स्वस्त, जाड, आठवड्यात स्वेटर. म्हणून सूत दारावर आणि लोकर अंगावर, ही वाटणी पैशानं आणि वेळानं केली, कोणाच्या आवडीनं नाही. जाड, मऊ, चार-आठ पदरी रंगीत सुती दोरा कुरिअरनं खेड्यापर्यंत यायला लागला, व्हिडिओ बघून नमुना उचलता आला, तेव्हा कुठं ही जाळी अंगावर आली.

एक हिशोब मी मुद्दाम केला. हलक्या कार्डिगनला साधारण 400 ग्रॅम दोरा लागतो. विंचरण्यातली घट धरली तर अर्धा किलो रुई, आणि कापसात रुई निघते तिसरा हिस्सा, बाकी सरकी, म्हणजे दीड किलो कापूस. वेचणारी बाई एवढा अर्ध्या तासाच्या आत वेचते. 2024-25 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता, त्या भावानं हा कापूस 113 रुपयांचा. मी घेतलेल्या गोळ्यांना 900 च्या वर लागले. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून आपण ज्या वावरात पहिली वेचणी काढतो, त्याच्या धुऱ्यावर बसून हा गोळा उलगडताना मला हे दरवेळी आठवतं, आणि वाईट वाटतं.

आता मोठीमायच्या बोलण्यात अजून एक गोष्ट होती ती मला उशिरा कळली. माझं पहिलं कार्डिगन धुऊन दोरीवर टाकलं आणि संध्याकाळपर्यंत ते कमरेवरून मांडीपर्यंत आलं, खांदे कोपराकडं उतरले. लोकरीच्या तंतूला निसर्गानंच कुरळेपणा दिलाय, ताणलं तर परत येते. सुताला तो नाही, त्यात ओलं सूत जड, आणि जाळीची भोकं लांबायला तयारच असतात. लोकरीच्या कार्डिगनचा नमुना जसाच्या तसा सुतात उचलला की हे होणारच. मी रडकुंडीला आले होते.

तेव्हा तिनं दारावरचं जुनं तोरण काढून आणलं, माझ्या लग्नाच्याही आधीचं, आणि वरची कड दाखवली. खाली सगळी जाळी, मोर, कमळ, पण वर काठीला लागते तिथं मुक्या खांबाच्या तीन ओळी, एकदम गच्च, आणि त्यातून आडवा दुहेरी दोरा ओवलेला. चाळीस वर्षं लटकतंय, एक इंच उतरलं नाही. "भार जिथं पडते तिथं जाळी नाही करत," एवढंच म्हणाली.

दुसरं कार्डिगन मी तसंच केलं. मानेमागून खांद्याच्या टोकापर्यंत मुका खांब, बारीक सुईनं, शिवणीत दुहेरी दोरा, बटनपट्टी पण मुक्या खांबाची, आणि जाळी फक्त छातीखाली आणि बाहीत. धुतलं की पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि बाजेवर चादर टाकून आडवं वाळवायचं, आपल्या उन्हात दोन तासात वाळते. मोठीमायनं ते एकदा घालून पाहिलं, नऊवारीवर, पदर न हलवता, आणि बटनं लावून आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. आता तिच्या मापाचं सुरू आहे, रंग तिनं निवडलाय, हिरवा.