दोन पेशींमधली फट

थंडीच्या रात्री इंदूरच्या सराफ्यात कढईतून नुकताच काढलेला गराडूचा तुकडा घाईने उचलला, तर हात आधी मागे येतो आणि चटका नंतर कळतो. बोटातला निरोप मज्जारज्जूत पोचला, की हात मागे घेण्याचा हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला बातमी नंतर मिळते, तीही दोन हप्त्यांत. आधी तीक्ष्ण चटका, मग रेंगाळणारी जळजळ. चटक्याच्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं पातळ वेष्टन असतं, निरोप सेकंदाला 5 ते 30 मीटर धावतो. जळजळीच्या तंतूंवर ते नसतं, वेग जेमतेम 1 मीटर.

बहुतेक चेतापेशींचे आखूड फाटे निरोप घेतात आणि लांब अक्षतंतू तो पुढे नेतो. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचा अक्षतंतू मीटरभर लांब, तरी तो एकाच पेशीचा भाग! पेशी शांत असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. निरोप आला की पेशीच्या आवरणातली सोडियमची दारं उघडतात, त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत घुसतात, मग पोटॅशियम बाहेर पडतं. एका ठिकाणी हे सारं साधारण मिलिसेकंदात उरकतं आणि लाट पुढे सरकते.

मला खरं नवल वाटतं ते तंतूच्या टोकाचं. इटलीचा शास्त्रज्ञ गॉल्जी याच्या मते चेतातंतूंचं जाळं सलग होतं. त्याचीच पेशी रंगवण्याची पद्धत वापरून स्पेनचा शास्त्रज्ञ काहाल म्हणाला, प्रत्येक पेशी सुटी आहे. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि गॉल्जीने त्या व्याख्यानातही काहालचं मत खोडून काढायचा प्रयत्न केला. काहाल बरोबर होता. मध्ये सुमारे 20 नॅनोमीटरची फट असते, मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग.

बहुतेक ठिकाणी ही फट रसायन ओलांडतं. 1921 मध्ये शास्त्रज्ञ ऑटो लोवीने बेडकाच्या हृदयाचा वेग कमी करणारी नस उत्तेजित केली आणि त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. तेही मंदावलं! नस न छेडता निरोप पोचला होता. ते रसायन ॲसिटिलकोलीन निघालं. मेंदूत ग्लुटामेट हे रसायन पुढच्या पेशीला उद्युक्त करतं, गाबा हे रसायन आवरतं. एका पेशीवर असे हजारो निरोप येतात. त्यांची बेरीज ठरावीक पातळी ओलांडली, तरच ती पेशी पेटते, म्हणजे निरोप पुढे धाडते.

दात काढण्याआधी हिरडीत देतात ते बधिर करणारं औषध, लिग्नोकेन, सोडियमची दारंच बंद करतं. हिरडीतली लाट तिथेच थांबते, फटीपर्यंत पोचतच नाही.