जुने नाशिक : घाट, लेणी आणि डोंगरवाटा

गोदावरीच्या उजव्या काठावरची मूळ वस्ती आणि समोरच्या काठावरची पंचवटी मिळून जुने नाशिक होते. बोळ अरुंद, चढउतार सतत. त्यामुळे हा भाग पायीच पाहावा. सकाळी लवकर निघाल्यास दोन्ही काठ अडीच-तीन तासांत होतात.

पंचवटीत निमाणी स्थानकावर उतरून आधी काळाराम मंदिर गाठावे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते बांधले. काळा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला. याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. ती आठवण ठेवूनच हे दार ओलांडावे. तिथून उतार रामकुंडाकडे जातो. दुपारी फरशी तापते आणि मंदिरांत अनवाणी चालवत नाही, म्हणून हा टप्पा दहाच्या आत उरकावा.

घाटावर नजर ठेवायची ती पाण्याच्या पातळीवर. पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हीच नाशिककरांची पूरमोजणी: पाणी पायाला, कमरेला, की गळ्याला, यावरून सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल हलवायला लागतात. जवळच १७४७ मधले नारोशंकराचे मंदिर आहे. त्याच्या तटावरची घंटा १७३९ च्या वसई विजयातली. पाणी तिथवर चढले तर तो महापूर. १९६९, २००८ आणि २०१९ मध्ये पाणी बाजारपेठेत शिरले होते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असल्याची बातमी असेल तर घाटाचा बेत सोडून सरळ लेण्यांकडे जावे. पूर ओसरल्यावरही काही दिवस जपावे लागते. पायऱ्यांवर बसलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, खाली मात्र निसरडा असतो. नवखी माणसे घसरतात ती इथेच.

होळकर पुलावरून पलीकडे गेल्यावर सुंदरनारायण मंदिर लागते. पुढे पेशवेकालीन सरकारवाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. सोमवार आणि सरकारी सुट्टी टाळून जावे. कोरीव लाकडी खांबांसाठी हा वाडाच आधी नीट पाहावा, मग आतल्या वस्तू. जवळच्या जुन्या गढीत १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि नाशिकची वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे गेली. गढीची नदीकडची कड मातीची आहे, ढासळते. काठावर जाऊ नये.

शहरापासून सुमारे ८ किमीवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत पांडवलेणी आहेत. पायऱ्या चढायला वीसेक मिनिटे लागतात, लेणी २४. वेळ कमी असेल तर क्रमांक ३, १० आणि १८ पुरेत. दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक सत्ताधारी) नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे: गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यवसाय-संघांकडे) ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव. त्यातल्या २,००० वर महिना शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. हिशोब पै-पैचा जुळतो. उरलेल्या हजारावर व्याज शेकडा पाऊण. तिसऱ्या लेण्यातला लेख सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिचा. तिच्या मुलाने नहपानाचे क्षहरात कुळ निर्मूल केले, असे त्यात म्हटले आहे. याला पुरावा नाण्यांचा: १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या शिक्क्यावर गौतमीपुत्राचा शिक्का पुन्हा मारलेला आहे. दहावे लेणे पाहून लगेच तिसरे पाहिले की हे सत्तांतर समजते. ब्राह्मी अक्षरे समोरच्या उजेडात पुसट दिसतात. टॉर्च भिंतीला लावून तिरपा धरला की उठून येतात. अक्षरांत खडू भरू नये.

नाणी पाहायची असतील तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या डोंगराच्या पायथ्याशी १९८० साली स्थापन झालेल्या मुद्राशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे. तिथून अंजनेरीचा चढ जोडून घेता येतो; पूर्ण दिवस धरावा आणि माणशी किमान दोन लिटर पाणी न्यावे. वाट घळीतल्या पायऱ्यांची आहे. मुसळधार पावसात पठारावरचे सगळे पाणी याच घळीतून उतरते आणि वर गेलेले लोक अडकतात. ढग दाटले की माथ्याचा मोह सोडून खाली यावे. अडकलेच तर उतरण्याची घाई न करता वरच्या मोकळ्या जागेत पाणी ओसरेपर्यंत थांबावे. पठारावर पायवाट सोडू नये, कारण अंजनेरीचेच नाव असलेली कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात तिथल्या गवतात उगवते आणि फूल नसताना ती ओळखू येत नाही.